चालतंय ना? मग वाटू का?

मंडळी, एक प्रश्न. कुठलंही सॉफ्टवेअर टाकताना जे लांबलचक इंग्रजी पुराण स्क्रीनवर येतं, ते तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? मीही नाही. माऊसचं चाक गरागरा फिरवायचं, तळ गाठायचा, ‘आय ॲग्री’वर टिचकी मारायची आणि कामाला लागायचं. लग्नातल्या मंगलाष्टकांसारखंच आहे ते. भटजींचं चालू असतं, आपण ‘सावधान’ ऐकू आलं की अक्षता टाकतो.

पण गेल्या महिन्यात याच पुराणातल्या एका ओळीने आमच्या ग्रुपमधल्या एकाची झोप उडवली. तो सॉफ्टवेअरवाला. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘हल्ली घरीच असतो’. त्याचा एक जुना क्लायंट आहे, ठाणे जिल्ह्यातली एक छोटीशी पतपेढी. सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक मॅनेजर काका. बचत खाती, रिकरिंग, कर्जाचे हप्ते असा सगळा कारभार एका प्रोग्रामवर चालतो. तो प्रोग्राम कोणीतरी २००६ मध्ये लिहिला, व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये. आता त्याची देखभाल आमच्या मित्राकडे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. पतपेढीचे कॉम्प्युटर जुने, विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चढत नाही. सहा नवे घ्यायचे तर संचालक मंडळाच्या कपाळावर आठ्या. आमच्या मित्राने डोकं लढवलं. लिनक्स फुकट, जुन्या मशीनवर मस्त पळतं. आणि विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायला ‘वाइन’ नावाचं सॉफ्टवेअर आहेच, तेही फुकट. पठ्ठ्याने घरी लॅपटॉपवर पतपेढीचा प्रोग्राम चालवून बघितला. चालला! फॉन्ट जरासे इकडेतिकडे, बाकी फर्स्ट क्लास. कोटेशन दिलं, काका खूश, ॲडव्हान्स खात्यात जमा.

त्याच आनंदात शनिवारी त्याने आम्हाला कॉफी पाजली. मी तर म्हटलं, तुझ्यावरच कॉलम लिहिते! तेवढ्यात आमच्यातली वकील मैत्रीण कप खाली ठेवत म्हणाली, ‘ए, एक मिनिट. प्रोग्राम तुझा. पण त्याच्याबरोबर ज्या बाकीच्या फायली देणार आहेस, त्या कोणाच्या?’

‘अगं, तो फक्त रनटाइम आहे.’

‘फक्त नाही रे. त्याचं लायसन्स वाचलंयस का?’

टेबलावर शांतता. बिल मात्र त्यालाच भरावं लागलं.

लाइट कोणाचे?

आता आमच्यासारख्या नॉन-टेक्निकल जनतेसाठी. रनटाइम म्हणजे काय? समजा तुमची नाटक कंपनी आहे. नाटक तुम्ही लिहिलंय, सेटही तुमचाच. पण लाइट्स एका कंपनीकडून आणलेत, आणि लाइटशिवाय प्रयोग होत नाही. तसंच काही भाषांमध्ये लिहिलेला प्रोग्राम एकटा चालत नाही. भाषा बनवणाऱ्या कंपनीच्या काही फायली बरोबर लागतात. त्यांना म्हणतात रनटाइम. प्रोग्रामर आपल्या प्रोग्रामसोबत त्या ग्राहकाला देतो, आणि बहुतेक कंपन्या तशी परवानगी फुकटात देतात.

पण लाइट देताना कंपनीने चिठ्ठीवर एक ओळ लिहिलेली असू शकते : हे लाइट अमुक नाट्यगृहातच लावायचे. दुसऱ्या नाट्यगृहात ते पेटतात का? झक्क पेटतात. पण तिथे न्यायची परवानगी आहे का? हा प्रश्न वायरमनला विचारायचा नसतो, चिठ्ठीला विचारायचा असतो. आमच्या मित्राने वायरमनला विचारलं होतं.

चार जंगलांतला कोल्हा

फॉक्सप्रोचा इतिहास इथे मजेशीर आहे. नव्वदच्या दशकात गल्लोगल्लीच्या कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या आठवतात? तुम्हाला नसतील तर तुमच्या ताईला विचारा. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि फॉक्सप्रो! हा कोल्हा मूळचा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीचा. १९९२ मध्ये ही कंपनी मायक्रोसॉफ्टने घेतली. त्यानंतर आलेलं फॉक्सप्रो २.६ डॉसवर चालायचं, विंडोजवर चालायचं, मॅकवर चालायचं आणि युनिक्सवरही. चार जंगलांत फिरणारा कोल्हा. पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रो झालं आणि शेवटी कोल्हा एकट्या विंडोजच्या अंगणात बांधला गेला. नववी आवृत्ती २००४ च्या अखेरीला आली. दहावी येणार नाही हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केलं. जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपला.

आमच्या मित्राला पडलेला प्रश्न नवा नाही, हे त्याला त्या रात्री कळलं. फॉक्सप्रोवर पुस्तकं लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या व्हिल हेंट्झेन या अमेरिकन माणसाने २००३ मध्येच वाइनच्या मदतीने व्हिज्युअल फॉक्सप्रो लिनक्सवर चालवलं होतं. त्यावरून तेव्हा बरीच गरमागरम चर्चा झाली. तांत्रिक अडचण नव्हतीच. मुद्दा होता परवान्याचा. कंपनीचं म्हणणं सरळ होतं : रनटाइम वाटायची मुभा आहे ती विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामसोबत. प्रोग्रामर मंडळींचं म्हणणं : आम्ही पैसे मोजून भाषा विकत घेतली, प्रोग्राम आम्ही लिहिला, मग तो कुठे चालवायचा हे तुम्ही कोण ठरवणार?

भावना समजू शकते. पण परवाना भावनेवर चालत नाही, क्रियापदांवर चालतो.

क्रियापद शोधा

हे वाक्य आमच्या वकीलबाईंचं. रविवारी तिने मित्राला घरी बोलावलं, परवान्याची प्रिंट काढायला लावली आणि हातात हायलायटर दिला. ‘विशेषणं सोड. फक्त क्रियापदं रंगव.’ दोन तासांत पानावर तीन गोष्टी पिवळ्या झाल्या.

पहिली, वापरणं आणि वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर काहीतरी प्रयोग करता, तेव्हा तुम्ही वापरणारे. तेच दुसऱ्याच्या मशीनवर टाकून पैसे घेता, तेव्हा तुम्ही वाटणारे. बऱ्याच परवान्यांत वापरणाऱ्यांसाठी एक कलम असतं आणि वाटणाऱ्यांसाठी वेगळं, जास्त कडक. घरच्या लॅपटॉपवर चाललं म्हणून सहा कॉम्प्युटरवर टाकून देता येईल असं नाही.

दुसरी, सगळ्या फायली वाटायच्या नसतात. परवान्यासोबत यादी असते. यादीत नाव असेल तेवढीच फाइल पुढे द्यायची, बाकीच्या आपल्यापाशी ठेवायच्या. आणि ती फाइल एकटी द्यायची नाही, तर स्वतःच्या खऱ्याखुऱ्या प्रोग्रामचा भाग म्हणून द्यायची.

तिसरी, अट नेमकी कशाला लटकवली आहे ते बघायचं. ‘ज्याच्याकडे विंडोजचं लायसन्स आहे त्याने वापरावं’ आणि ‘विंडोजवर चालण्यासाठीच वाटावं’ ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण नाहीत. पतपेढीच्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पाठीवर विंडोजचं स्टिकर आहे. म्हणजे पहिली अट कदाचित पूर्ण होते, मशीनवर लिनक्स चालू असलं तरी. दुसऱ्या अटीला स्टिकरशी देणंघेणं नाही. ती विचारते, तू हे कशावर चालवायला दिलंस?

मित्राच्या परवान्यात दुसऱ्या जातीची अट निघाली. वर आणखी एक कलम : तुझ्या वाटपामुळे कंपनीवर कोणी दावा केला, तर खर्च तू भरून द्यायचा. हे वाचल्यावर पठ्ठ्या पाणी प्यायला उठला.

‘पण कोण बघतंय?’

हा प्रश्न मीच विचारला, कबूल करते. ठाणे जिल्ह्यातल्या पतपेढीत सहा मशीन. अकरा वर्षांपूर्वी सपोर्ट संपलेली भाषा. अमेरिकेतून कोण येणार आहे तपासायला?

वकीलबाई म्हणाल्या, बहुतेक कोणी नाही. पण पतपेढीचं दरवर्षी ऑडिट होतं, आणि उद्या एखाद्या ऑडिटरने सॉफ्टवेअरची कागदपत्रं मागितली तर काका कोणाकडे बोट दाखवतील? आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण कॉम्प्युटर प्रोग्राम त्यात व्यवस्थित बसवलेले आहेत. कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. पण पतपेढी म्हणजे धंदाच की.

त्याच कायद्यात ग्राहकाच्या बाजूचंही एक कलम आहे. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, तो ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामाकरता आवश्यक प्रत काढू शकतो, बॅकअप ठेवू शकतो. मग पतपेढीनेच जुना रनटाइम स्वतः लिनक्सवर हलवला तर? ‘वाद घालता येईल,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘पण ज्या कामासाठी मिळाली ते काम म्हणजे हिशेब, की विंडोजवरचे हिशेब? यावर मी कोर्टात दोन तास बोलू शकते. प्रश्न असा आहे की तुला वादावर धंदा उभा करायचाय का?’

अशा अटी कोर्टात टिकत नाहीत, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट. सायस्टार नावाची फ्लोरिडातली एक कंपनी साध्या कॉम्प्युटरवर ॲपलची मॅक ऑपरेटिंग सिस्टिम टाकून विकायची. त्यांचं म्हणणं, आम्ही प्रत्येक मशीनसाठी प्रत विकत घेतलीय. ॲपलच्या परवान्यात मात्र लिहिलं होतं की ही सिस्टिम ॲपलच्याच मशीनवर चालवायची. ॲपलने २००८ मध्ये दावा लावला, २००९ मध्ये कोर्टाने सायस्टारला मनाई केली आणि २०११ मध्ये अपीलातही ॲपलची अट टिकली. निकाल अमेरिकेतला, आपल्या कोर्टाला बंधनकारक नाही. पण ‘पैसे दिले म्हणजे काहीही करता येतं’ हा भ्रम दूर करायला पुरेसा आहे.

चिठ्ठी बदलतेसुद्धा

आता थोडी चांगली बातमी. परवाना म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. कंपनीचा फायदा बदलला की चिठ्ठीवरची ओळही बदलते.

जावाचंच घ्या. जावाची सगळी जाहिरातच होती की एकदा लिहा आणि कुठेही चालवा. तरीही सन कंपनीच्या परवान्यामुळे लिनक्सची वेगवेगळी रूपं बनवणाऱ्यांना जावाचा रनटाइम आपल्या पद्धतीने बांधून देता येत नव्हता. कुठेही चालायचं, पण कसंही वाटायचं नाही! मे २००६ मध्ये सनने लिनक्सवाल्यांसाठी खास वाटपाचा परवाना आणला, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये जावा मुक्त परवान्याखाली खुलं करायला घेतलं. त्यातून ओपनजेडीके उभं राहिलं.

पुढे सन ओरॅकलने घेतली आणि चिठ्ठी उलट्या दिशेनेही फिरली. एप्रिल २०१९ पासून ओरॅकलच्या जावा ८ चे नवे अपडेट ऑफिसच्या कामासाठी फुकट राहिले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये तर ओरॅकलने कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर दर लावायची पद्धत आणली, मग जावा वापरणारे चार का असेनात. म्हणूनच तुमच्या ऑफिसमधला सिस्टिम ॲडमिन हल्ली ‘कुठला जावा टाकलायस?’ असं खेकसून विचारतो. त्याच्यावर चिडू नका. ओपनजेडीकेच्या टेम्युरिन किंवा कोरेटोसारख्या आवृत्त्या मुक्त परवान्याच्या आहेत, त्या टाका आणि त्याला चहा पाजा.

आणि मायक्रोसॉफ्ट? २०१३ मध्ये त्यांनी आपल्या डॉटनेटच्या काही लायब्रऱ्यांच्या परवान्यातून ‘फक्त विंडोज’ ही अट स्वतःच काढली. नोव्हेंबर २०१४ मध्ये डॉटनेट कोअर खुलं करत असल्याचं जाहीर केलं, आणि जून २०१६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती लिनक्स आणि मॅकसाठीही आली. कडी म्हणजे, डॉटनेट लिनक्सवर आणण्यासाठी जन्मलेला मोनो हा प्रकल्प मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४ मध्ये सोपवला, तो कोणाला? वाइनवाल्यांना! जुन्या फॉक्सप्रोच्या नशिबात मात्र हे नव्हतं. त्याची चिठ्ठी तशीच राहिली.

आडवाट आहे का?

मित्राने एक जुगाडही सुचवला. लिनक्सवाले मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट कसे टाकतात? एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे फॉन्ट कंपनीने १९९६ पासून इंटरनेटवर फुकट दिले होते, २००२ मध्ये ते देणं बंद केलं. त्यांच्या परवान्यानुसार मूळ पाकीट न फोडता, जसंच्या तसं पुढे द्यायला हरकत नाही, उघडून नव्याने बांधायचं नाही. म्हणून डेबियनसारखं लिनक्स फॉन्ट स्वतः देतच नाही. एक छोटा प्रोग्राम देतं, तो तुमच्या मशीनवर मूळ पाकीट उतरवून घेतो, परवाना तुम्ही मान्य करता आणि तिथेच फॉन्ट उघडतात. कायद्याची चौकट पाळून काढलेली सॉलिड पळवाट!

‘मग मी पण रनटाइम देत नाही. काकांनाच डाउनलोड करायला सांगतो.’

वकीलबाई हसल्या. ‘फॉन्टच्या चिठ्ठीत जसंच्या तसं द्यायला परवानगी होती. तुझ्या चिठ्ठीत नाही. आणि सही काकांची घेऊन धोका तू त्यांच्या गळ्यात मारतोयस. त्यांना सांगून मारणार आहेस का?’

काकांचा फोन

सोमवारी त्याने फोन केला. त्याआधी पाऊण तास माझ्याशी बोलला, कारण कोटेशन दिलं होतं, ॲडव्हान्स आला होता, आणि त्यातला अर्धा कॉफी आणि बाइकच्या हप्त्यात गेला होता. काम हातचं जाणार हे तो धरूनच चालला होता.

‘काका, प्रोग्राम लिनक्सवर चालतो. पण तो तसा तुम्हाला देण्याचा मला अधिकार नाही. आधी वाचायला हवं होतं, चूक माझी.’

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अहो, आमच्याकडे रोज कोणीतरी जामीनदार म्हणून सही करतं. मी प्रत्येकाला सांगतो, वाचून करा. कोणी वाचत नाही. हप्ते थकले की माझ्याच टेबलापुढे येऊन रडतात. तुम्ही सही करायच्या आधी वाचलंत, बरं केलंत. आता स्वस्तातला रस्ता काय ते सांगा.’

रस्ता असा निघाला. विंडोज ११ चे दोनच नवे कॉम्प्युटर घ्यायचे, जुना प्रोग्राम त्या दोन काउंटरवर चालेल. बाकीच्या चार मशीनवर लिनक्स, पत्रव्यवहार आणि ईमेलसाठी. दरम्यान प्रोग्राम नव्याने लिहायचा, ज्याचा रनटाइम कुठल्याही सिस्टिमवर वाटायला मोकळा आहे अशा भाषेत. डेटा पतपेढीचा स्वतःचा आहे, त्याच्यावर कोणाची चिठ्ठी नाही. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्येसुद्धा उघडतात. मित्राचा नफा या वर्षी जवळजवळ शून्य. पण क्लायंट राहिला, आणि रात्री झोप लागते.

तर मंडळी, तुमच्यापैकी जे कोड लिहितात, किंवा नुसतंच कोणाच्या कॉम्प्युटरवर ‘हे टाकून देतो तुला’ म्हणतात, त्यांच्यासाठी वकीलबाईंची चार प्रश्नांची चिठ्ठी. पाकिटात ठेवा.

१. मी वापरतोय की वाटतोय?

२. जी फाइल देतोय ती वाटायच्या यादीत आहे का?

३. अट कशाला लटकली आहे : माणसाला, मशीनला की ऑपरेटिंग सिस्टिमला?

४. हा परवाना आजचा आहे, की मी पाच वर्षांपूर्वीचा आठवतोय?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘पण चालतंय ना!’ हे नाही.

आणि हो, मी हा कॉलम ज्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केला, त्याचा परवाना काल पहिल्यांदा उघडला. सातव्या पानावर झोप लागली. पण क्रियापदं मात्र रंगवून ठेवली आहेत. भेटूया पुढच्या आठवड्यात!